अडीच बोटं तेल

प्रवासवर्णन लिहिणारा माणूस कुठंतरी पोचलेला असतो, असा आपल्याकडे रिवाज आहे. आमची गाडी गावाच्या अलीकडे अर्ध्या मैलावर थांबली ती थांबलीच. तेव्हा हे वर्णन अर्ध्या मैलाने अपुरं आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना धबधबे, देवळं आणि सूर्यास्त हवेत त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

गाव महाडच्या पुढे, गोवा हायवे सोडून आत पाचेक मैल. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आमच्यात असं कधी नव्हतंच. आणि मग मला सगळ्या कोकणाची माफी मागावी लागेल.

निघण्याआधी, वाशी

आबा म्हणजे माझे वडील. मुंबईतल्या एका कापडगिरणीत त्यांनी तेहतीस वर्षं तेलवाल्याचं काम केलं. तेलवाला म्हणजे लांब नळीचा डबा घेऊन साच्यांमधून, म्हणजे मागांमधून, फिरणारा आणि प्रत्येक फिरत्या भागाला थेंब थेंब तेल पाजणारा माणूस. साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आता कानाशी फटाका फोडला तरी मान वळत नाही. पण साचेखात्यात सगळेच एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखत, त्यामुळे समोर तोंड असलं की आबांना सगळं कळतं. आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा सोसायटीतल्या लोकांना कित्येक महिने ते बहिरे आहेत हे ठाऊकच नव्हतं. म्हातारा फार ओरडून बोलतो, एवढीच तक्रार होती.

गावाशी त्यांचं एक जुनं प्रकरण आहे. स्वतःच्या लग्नासाठी ते गावी गेले तेव्हा गिरणीच्या पगारातून घेतलेले बूट त्यांच्या पायात होते. गावात शिरायच्या रस्त्यावर एक पार आहे. आमच्या लोकांनी पारासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं, असा तिथला नियम. आबांनी काढलं नाही. मग पारावरच्यांनी ते काढायला लावलं, आणि हातात नव्हे, डोक्यावर ठेवून आमच्या वाडीपर्यंत चालायला लावलं. नवरदेव डोक्यावर बूट घेऊन गावात आला. हे आबांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही खाली बघत.

तेव्हापासून गावी गेले की ते रस्ता सोडतात आणि मागच्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्याच्या पात्रातून, दगडांवर पाय टाकत वाडीवर जातात. पुढे आम्ही धम्म घेतला, नियम गेला, कायदे झाले, पारावर बसणारे निम्मेअधिक मेले. आबांनी मात्र त्या रस्त्याला पाय लावला नाही.

म्हणून मी गाडी घेतली तेव्हा त्यांनी एकच मागितलं. "येशवंता, वैशाख पुनवेला मला गाडीतनं ने. पारावरनं ने. मी आत बसलेला."

गाडी पंचाऐंशी साली वीस वर्षांची होती. मी तळोजाला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर. पंपांच्या काचेतून तेलाची पातळी बघायची आणि वहीत 'ठीक' असं लिहून सही करायची, हे माझं रोजचं काम. माझी अक्कल किती तयार होती, हे कळावं म्हणून सांगतो.

गाडी तुर्भ्याच्या केणी मिस्त्रींकडे दिली. पारावरून जायचं तर गाडी दिसायला हवी, म्हणून रंग काढला, सीटला नवी कव्हरं घातली, बंपर घासून घेतले. तेल मोजायची पट्टी गंजून तपकिरी झाली होती. इंजिनात खोचलेली ती लांब पट्टी, बाहेर काढायची आणि तिच्यावरच्या वरच्या रेघेपर्यंत तेल लागलेलं दिसलं की इंजिनात तेल पुरेसं समजायचं. बॉनेट उघडून कोणी बघितलं तर ती गंजकी पट्टी आधी दिसायची. कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या गल्लीत मला एक चकचकीत पट्टी मिळाली, वर गोल कडी असलेली. खोचून बघितली, बरोबर बसली. गंजकी मी केणींच्या गॅरेजातल्या भंगाराच्या डब्यात टाकून दिली. तेल कमी झालं की पेटणारा लाल दिवा तर आधीच्या मालकाच्या काळापासूनच मेलेला होता.

निघायच्या आदल्या आठवड्यात इंजिन टकटक करायला लागलं. केणींनी कान लावला.

"टापेट हाय," ते म्हणाले, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरची, झडपा उघडणारी खुटी. "जुनी गारी ती, बोलनारच. तेल बगितलाव?"

"फुल्ल आहे."

"मंग झाला. टेन्शन नाय."

केणींनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मी पट्टीवर ठेवला.

खाली राहणाऱ्या जोशीकाकू म्हणाल्या, "अहो, लांब निघालाय, चाकाखाली लिंबू तरी ठेवा." मी हसून म्हटलं, आमच्यात चालत नाही. आबांनी मात्र गाडीची त्यांच्या पद्धतीने पूजा केली. बॉनेट उघडलं, खाली वाकले, आणि अर्धा तास नुसते बघत उभे राहिले.

कळंबोली

पहाटे साडेपाचला निघालो. मी, आबा आणि माझी बायको शालिनी. डिकीत तेलाचा सीलबंद डबा, शालूच्या मांडीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. मागच्या सीटवर आबा, आणि त्यांच्या शेजारी खोक्यात नवे काळे बूट. बूट पारापाशी घालायचे होते. तोवर पायात जुनी चप्पल.

आबा मागे बसले की त्यांना माझं तोंड दिसत नाही. म्हणून मी निघतानाच वरचा आरसा वाकवून घेतला, माझे ओठ त्यांना दिसतील असा. मागची वाहनं मला दिसेनात, पण आम्हां दोघांचं बोलणं सुरू झालं. मी आरशात बघून बोलायचो, ते माझ्या मानेमागून ओरडून उत्तर द्यायचे.

मार्केटच्या कांद्याच्या ट्रकांची रांग ओलांडली, डाव्या हाताला डोंगर आणि उजवीकडे खाडीचा चिखल ठेवून बेलापूर गाठलं. आबा त्या दिवशी इतके खुशीत होते की रस्त्यातल्या प्रत्येक ट्रकचं इंजिन कसं चाललंय हे नुसत्या धुरावरून सांगत होते. शालू मागे वळून म्हणाली, "आबा, आज पेपर नाही वाचला तुम्ही." ते म्हणाले, "आज पेपरात काय नसनार. जे हाय ते हितं हाय."

कळंबोलीच्या अलीकडे त्यांनी चप्पल काढली आणि दोन्ही तळवे गाडीच्या तळावर टेकले. इंजिनाची थरथर अजमावत बराच वेळ बसले. मग माझ्या खांद्यावर हात पडला.

"येशवंता, थांब. तेल कमी हाय."

मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, चकचकीत पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा खोचून काढली. तेल वरच्या रेघेला. मी ती त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पट्टी सांगती भरलंय. इंजान सांगतंय न्हाय."

"पट्टी खोटं कसं बोलेल, आबा?"

ते गप्प बसले. तेहतीस वर्षं साहेबाच्या वहीपुढे गप्प बसायची सवय होती त्यांना. ती सवय मी त्या दिवशी वापरून घेतली, हे मला तेव्हा कळलं नाही.

वडखळ

पेणला पोह्यांचे पापड घेतले. वाशीच्या दुकानात हेच पापड पेणचे म्हणून मिळतात आणि पेणच्या पाण्याची चव त्यांना नसते, असं शालूचं मत. पेणच्या बाईने शालूला ओळखदेख नसताना दोन पापड भाजून हातावर ठेवले आणि वर पाणी दिलं. आमच्या सोसायटीत समोरच्या दारातून वाटीभर साखर मागायची तर आधी बेल वाजवून आपण कोण ते सांगावं लागतं.

वडखळ नाक्यावर चहाला थांबलो. एसटीच्या दोन गाड्या उभ्या, त्यामुळे हॉटेलात गर्दी. मी आणि शालू वड्याची बशी घेऊन बाकावर बसलो. आबा आले नाहीत. बघतो तर त्यांनी बॉनेट उघडलं होतं, इंजिन चालू ठेवायला लावलं होतं त्यांनीच, आणि पिशवीतून त्यांचा गिरणीतला जुना स्क्रूड्रायव्हर काढला होता. हातभर लांब, लाकडी मुठीचा. त्यांनी लोखंडी टोक इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. डोळे मिटले.

ही त्यांची गिरणीतली रीत. कान गेल्यावर त्यांनी ती शोधून काढली. आवाज लाकडातून दातांत आणि दातांतून डोक्यात जातो, असं ते सांगत. फोरमन लोकसुद्धा अडलेल्या साच्यापाशी त्यांना बोलावून न्यायचे. त्या मुठीवर त्यांच्या दातांचे खड्डे पडलेले आहेत.

पण हे मला माहीत होतं, वडखळ नाक्याला माहीत नव्हतं. बाकावरचा एकजण म्हणाला, "म्हातारा गाडी खातोय काय?" आणि सगळं हॉटेल हसलं. हसणाऱ्यांना आम्ही कोण हे ठाऊक नव्हतं. मीही थोडं हसल्यासारखं केलं, आणि ते मला अजून आठवतं.

मी उठून गाडीपाशी गेलो. आबांनी मूठ तोंडातून काढली. चेहरा उजळलेला होता, अडलेलं गणित सुटलेल्या माणसाचा असतो तसा.

"टापेट न्हाय," ते ओरडले. त्यांचं नेहमीचं बोलणंच तसं. "टापेट वर वाजतो. ह्यो आवाज खालनं येतोय. बेअरिंगला तेल पोचत न्हाय. डिकीत डबा हाय ना, घाल वाईच."

"आबा, हळू बोला."

"चढ लागायच्या आदी घाल. चढाला तेल मागं पळतं."

"जास्त तेल घातलं की सील फुटतात. पट्टी फुल्ल दाखवतेय."

शालू मागून आली. "घाला ना थोडं. आबा एवढं म्हणतायत तर."

मागे पुन्हा कोणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. मी आबांसमोर उभा राहिलो, त्यांना नीट दिसावं असं तोंड करून, एक एक शब्द सुटा करून म्हणालो:

"ते तोंडातून काढा आणि आत ठेवा. लोक बघतायत. तुम्हांला ऐकू येत नाही, तुम्हांला काय कळणार?"

घरात दुसऱ्या कोणाशी मी इतकं स्पष्ट बोलत नाही. आबांशी बोलायची तीच पद्धत आहे, स्पष्ट ओठ, सुटे शब्द. त्यातला एकही शब्द त्यांच्याकडून सुटला नसणार.

त्यांनी मूठ धोतराच्या सोग्याला पुसली. स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद बांधला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. चहा घेतला नाही.

वडखळपासून पुढे आरशात बघितलं की मला त्यांचा कान दिसायचा. ते खिडकीबाहेर बघत होते.

पार

कोलाड, माणगाव, महाड. इथे वर्णन करायला पुष्कळ आहे, पण मी त्यातलं काही बघितलं नाही. मी इंजिनाकडे कान लावून होतो आणि स्वतःला सांगत होतो, टॅपेट आहे, टॅपेट आहे.

हायवे सोडून फाट्याला लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना करवंदांच्या जाळ्या. शालूला करवंदं हवी होती, पण तिने थांबा म्हटलं नाही. मागे खोकं उघडल्याचा आवाज आला. आबांनी बुटांत कोंबलेले कागद काढले, बूट पायांत घातले, नाड्या दोनदा बांधल्या. टोपी काढून केसांवरून पाण्याचा हात फिरवला. मग काच पूर्ण खाली केली आणि ताठ बसले. माझ्यावर राग असला तरी पारावर त्यांना राग घेऊन जायचं नव्हतं, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

गावाच्या आधी एक चढ आहे, वळणाचा. वळण संपलं की समोर पार दिसतो. चढ लागला आणि टकटक बदलली. आता खालून कोणीतरी हातोडीने ठोकत होतं. मी गिअर खाली टाकला, अॅक्सिलरेटर दाबला. वळण घेतलं. पार दिसला, पिंपळाखाली चार-पाच माणसं बसलेली दिसली, आणि इंजिनातून एकच आवाज झाला, लोखंड मोडल्याचा. मग काहीच आवाज उरला नाही. बॉनेटच्या फटीतून धूर निघाला. गाडी मागे घसरू नये म्हणून शालूने उतरून चाकाला दगड लावला.

मी चावी फिरवत राहिलो. इंजिन हललंसुद्धा नाही. मग सवयीने उतरलो, बॉनेट उघडलं आणि काय करावं न सुचून पट्टी ओढली. तेल वरच्या रेघेला.

पारावरचे लोक चालत आले. दोन जवान पोरं, पँट-शर्टातली, चांगली. आणि मागून काठी टेकत खोताच्या घरातले बापू. आबांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे असतील. पोरं म्हणाली, "काका, तुम्ही बसा आत. आम्ही ढकलतो. चढ संपला की सपाटच आहे." अगदी मनापासून म्हणाली. त्यांना बुटांची गोष्ट कोणी सांगितली असण्याचं कारण नव्हतं.

बापू खिडकीपाशी वाकले. "रामजीचा ना रं तू? गिरनीत व्हतास." अडुसष्ट वर्षांच्या माणसाला. मग नजर खाली गेली. "बूट झ्याक हायत."

आबा त्यांच्या ओठांकडे बघत होते.

बापू पोरांकडे वळले. "ढकला, ढकला. पन पाराखाली नगा लावू. पल्याड न्या. हितं मानसं बसत्यात."

ह्या वाक्यात काही नाही. पाराखाली माणसं बसतात हे खरंच आहे. बापूंच्या मनात कदाचित फक्त सावलीची अडचण असेल. पण आबांनी दार उघडलं आणि ते उतरले. बुटांसकट खाली उभे राहिले.

"न्हाय ढकलायची," ते पोरांना म्हणाले. "मला आत बसवून न्हाय ढकलायची."

मी म्हटलं, "आबा, चला, आपण रस्त्याने चालत जाऊ. मी येतो बरोबर. आता कोण अडवतंय?"

ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. आणि कळलं असतं तरी ते आले नसते. चालत ते गेले होते एकदा. चालत जाण्यासाठी ते वाशीहून निघाले नव्हते.

त्यांनी पिशवी उचलली, रस्त्याच्या कडेचा बांध उतरले आणि पऱ्याच्या वाटेला लागले. वैशाखात पऱ्या कोरडा असतो, नुसते गोटे. नवे बूट गोट्यांवरून घसरत होते. शालू त्यांच्यामागे धावली आणि त्यांची पिशवी घ्यायला लागली, ती त्यांनी दिली नाही.

मी गाडीपाशी थांबलो. दोन पोरांनी आणि मी मिळून गाडी ढकलत नेली. रंग नवा, बंपर चकचकीत. पारावरून गेली, आणि पल्याड जाऊन उभी राहिली. आत कोणी नव्हतं.

वाडी

वाडीवर आमची जनीआत्या असते. आबांची धाकटी बहीण. मी पोचलो तेव्हा ती मोकळ्या जागेत उभी होती आणि आबा एका दगडावर बसले होते.

ती मोकळी जागा गाडीसाठी केलेली होती. रस्त्यापासून वाडीपर्यंतच्या वाटेत बैलगाडीच्या चाकोऱ्या पडल्या होत्या, त्या वाडीतल्या बायकांनी तीन दिवस मातीच्या पाट्या टाकून भरल्या होत्या. विहाराच्या बाजूचा बांध फोडून गाडी वळवायला जागा केली होती, सारवली होती, कडेने चुन्याची रेघ ओढली होती. एवढं सगळं एका गाडीसाठी. आत्या मला म्हणाली, "बाबा, हितं उबी करायची व्हती ना?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, पांढरे कपडे घालून सगळी वाडी बसली. वाशीच्या विहारात पंखे असतात, माइक असतो, आणि वंदना संपायच्या आत लोक चपला शोधायला लागतात. इथे पंचवीस घरांची माणसं खीर वाटून होईपर्यंत हलली नाहीत. आत्याने मला नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि कैरीचा ठेचा वाढला. चव अशी की दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी त्यावर दोन पानं लिहिली असती.

कोणी आबांना विचारलं, गाडी कुठाय? ते म्हणाले, "बिगडली." कशाने, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

झोपायच्या वेळी शालू मला एवढंच म्हणाली, "डबा तरी फोडायचा होता." डिकीतला तेलाचा डबा. तो वाशीपासून पारापर्यंत सीलबंद आला होता.

परत वाशी

वाशीच्या मार्केटचा एक रिकामा ट्रक परत जात होता, त्याच्या मागे साखळीने गाडी बांधून आणली. आबा आणि शालू एसटीने आले. जोशीकाकू जिन्यातच भेटल्या आणि म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, लिंबू." त्या दिवशी मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही. लिंबावर ढकलता आलं असतं तर बरंच झालं असतं.

केणींनी गाडी वर घेतली तेव्हा आबा आले. मी नको म्हटलं होतं, पण माझ्याकडे न बघणाऱ्या माणसाला नको म्हणणार कसं? ते येऊन गॅरेजात स्टुलावर बसले.

केणींनी खालचा नट सोडला आणि खाली घमेलं धरलं. तेल आलं तांब्याभरसुद्धा नाही. काळं, आणि त्यात चांदीच्या वर्खासारखी भुकटी चमकत होती. आबांनी बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. "बेअरिंग," ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही.

केणी माझ्याकडे बघायला लागले. "सायेब, तुमी बोल्लाव फुल्ल."

"पट्टी फुल्ल दाखवत होती." मी ओढून दाखवली. आता ती कोरडी होती.

केणींनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. मग आत गेले आणि भंगाराचा डबा ओतून त्यातून माझी जुनी गंजकी पट्टी काढून आणली. "लोखंड मी फेकत नाय," ते म्हणाले. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कड्या जुळवून त्यांनी त्या बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवल्या.

नवी पट्टी दोन बोटं लांब होती. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची. दोन बोटं जास्त खोल बुडत होती, त्यामुळे तळाला गेलेलं तेलसुद्धा तिला वरच्या रेघेपर्यंत लागत होतं. ती खोटं बोलत नव्हती. दुसऱ्या गाडीचं खरं सांगत होती.

आबा स्टुलावरून उठले. पट्ट्यांच्या टोकांमधल्या अंतरावर त्यांनी आपली बोटं आडवी ठेवून बघितली. मग फडक्याने हात पुसले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. रस्त्यावरून ट्रक जात होते.

मी म्हणालो, "आबा, चुकलं माझं."

त्यांच्या पाठीला म्हणालो. केणींनी ऐकलं आणि ते उगाच पाना शोधायला लागले. आबांनी ऐकलं नाही. मला दोन पावलं टाकून त्यांच्यासमोर उभं राहायला हवं होतं, तोंड नीट करून, शब्द सुटे करून, वडखळला राहिलो होतो तसं. शिवी द्यायला मला ते जमलं होतं. हे म्हणायला जमलं नाही. मी तिथेच उभा राहिलो, पट्टी हातात घेऊन.

इंजिन दोन महिन्यांनी दुरुस्त झालं. गाडी आता उत्तम चालते. मी आबांना पुढच्या पौर्णिमेबद्दल विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. शालूने समोर जाऊन विचारलं, तेव्हा म्हणाले, "गाडी बरी झाली, चांगलं झालं. मला आता कुटं जायचं न्हाय." शालूशी ते सगळं बोलतात. केणींशी, जोशीकाकूंशीसुद्धा बोलतात. मी बोलायला लागलो की मात्र त्यांना दुसरीकडे काहीतरी बघायचं असतं. घरातल्या घरात मी त्यांच्यासाठी मुका झालो आहे.

पण आबांना वाचता येतं. गिरणीच्या चाळीतल्या रात्रीच्या वर्गात ते शिकले, अजून बोट ठेवून वाचतात. म्हणून हे लिहिलं. तुमच्यासाठी लिहिलं असं वरवर दाखवलं, खरं त्यांच्यासाठी. केणींच्या गॅरेजापर्यंतची पानं लिहून झाल्यावर मी ती त्यांच्या चष्म्याखाली ठेवली.

चौथ्या दिवशी पानं माझ्या टेबलावर परत आली. सगळ्या मजकुरात एकाच ठिकाणी पेन्सिल लागली होती. पट्टी 'दोन बोटं लांब होती' असं मी लिहिलंय ना, तिथे 'दोन' खोडून त्यांनी वर 'अडीच' असं लिहिलं होतं.

वडखळचं पान मी पुन्हा पुन्हा बघितलं. तिथे त्यांना काही दुरुस्त करावं लागलं नव्हतं.